हिरवा ठिपका

आमच्या घरमालकांच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या होत्या. एकीवर काकूंच्या साड्या, चादरी, टॉवेल. दुसरीवर चिमटे लावून टांगलेले काळे कागद. हात-दीड हात लांबीचे, पंख्यासारख्या घड्या पडलेले, तेलानं जड झालेले. खाली निथळणारं तेल धरायला पत्र्याची पन्हळ ठेवलेली असायची. प्रत्येक कागदाला एक चिठ्ठी टाचलेली आणि तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: गाडी कोणाची, किती किलोमीटर पळाली, फिल्टर कंपनीचा की बाहेरचा.

हे कागद डिझेल पिकअपच्या ऑइल फिल्टरमधले. इंजिनचं तेल त्या कागदातून गाळून जातं आणि घाण कागदाला अडकून राहते. सर्व्हिसिंग झाली की जुना फिल्टर लोक फेकून देतात. घरमालक, म्हणजे काका, तो मागून आणायचे, त्याचा पत्र्याचा डबा कापायचे, आतला कागद उलगडायचे आणि उन्हात धरून बघत बसायचे. कापायला हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, वापरायचे नाहीत. हॅक्सॉचा कीस कागदात पडतो आणि मग लोखंड इंजिनातून आलं की पात्यातून ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांच्याकडं एक जुना पाइपकटर होता. एसटीच्या डेपोतून निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी शाल-श्रीफळ दिलं आणि आणखी काय हवं म्हणून विचारलं. तेव्हा त्यांनी तो पाइपकटर मागून घेतला होता.

त्यांच्या थोरल्या मुलीला बघायला जामखेडहून पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट काकू सांगायच्या. मुलाची आई हात धुवायला मागं गेली आणि दोरी बघून तशीच परत आली. तिनं नवऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि सगळ्या मंडळींचे चेहरे उतरले. त्यांना वाटलं, या घरात काही करणी-बिरणीचा प्रकार आहे. काकांना हे कळल्यावर त्यांनी सगळ्यांना अंगणात नेलं आणि पाऊण तास कंपनीच्या व बाहेरच्या फिल्टरमधला फरक समजावून सांगितला. पोहे गार झाले. पण लग्न जमलं. मुलाच्या वडिलांची स्वतःची पिकअप होती, आणि निघताना त्यांनी तिचा फिल्टर किती किलोमीटरनं बदलावा हे विचारून घेतलं. काकू हे सांगताना हसायच्या नाहीत. त्या दिवसाची धास्ती त्यांच्या मनातून पुरती गेलेली नव्हती.

मी त्यांचा भाडेकरू. पाथर्डीत शेवगाव रोडला त्यांनी दोन गाळे बांधले होते आणि मागं राहायचं घर. एका गाळ्यात माझं स्पेअर पार्टचं दुकान. दुसरा त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. त्यात एक लोखंडी बेंच, वस्तू आवळून धरायचा एक व्हाइस, एक खुर्ची आणि भिंतभर कापलेले डबे. तीसेक वर्षं एसटीत मेकॅनिक म्हणून काढलेली, त्यामुळं बाजारात सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. मी काका म्हणायचो. ते बौद्ध. आमचं घर बागायतदार मराठ्याचं. मी त्यांच्या गाळ्यात दुकान टाकलं तेव्हा गावात कुणीतरी माझ्या वडिलांना त्यावरून खोचक विचारलं होतं. गाळा मोक्याचा आहे, एवढंच वडील म्हणाले. मलाही तेव्हा ते उत्तर पुरेसं वाटलं होतं.

रोज सकाळी सहाला काका फिरायला निघायचे. व्यायाम म्हणून नव्हे. स्टँडपासून दूध संकलन केंद्रापर्यंत जिथं जिथं पिकअप उभ्या असतील तिथं ते थांबायचे आणि ड्रायव्हर गाडी सुरू करीपर्यंत हात मागं बांधून वाट बघायचे. फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो. गाडी बंद असताना तेल फिल्टरमध्येच राहावं, खाली उतरू नये म्हणून तो असतो. पडदा हलका असला की रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी इंजिन पहिले दोन-तीन सेकंद कोरडं खडखडतं. काका ते दोन-तीन सेकंद ऐकायला जायचे. तसा आवाज आला की बॉनेटवर थाप मारून ड्रायव्हरला सांगायचे, "हिला सकाळी लई तहान लागते. बघून घे." नवे ड्रायव्हर त्यांना वेडा समजायचे. जुने गाडी बंद करून पुन्हा चालू करून दाखवायचे.

त्यांना कुणी विचारलं की कंपनीचा फिल्टर घ्यावा की बाहेरचा, तर ते कधीच सरळ उत्तर द्यायचे नाहीत. कोणत्या लॉटचा, असं उलट विचारायचे. गिऱ्हाईक वैतागायचं. त्याला एक शब्द हवा असायचा आणि काका त्याला बेंचपाशी बसवून दोन कागद शेजारी शेजारी उलगडून दाखवायचे. याच्या घड्या जास्त आहेत, पण इतक्या चिकटून आहेत की तेल मधे शिरतच नाही. त्याच्या कमी आहेत, पण एकसारख्या आहेत. याचा डिंक चांगला, त्याचं रबर चांगलं. कंपनीचा म्हणून ते कशालाही मान द्यायचे नाहीत आणि बाहेरचा म्हणून कशाला हिणवायचेही नाहीत. "कापल्याबिगर बोलायचं न्हाई," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. माणसांच्या बाबतीतही ते हेच म्हणायचे. बाजारात कुणाविषयी काही कुजबूज निघाली की काका मान हलवून आपल्या गाळ्यात निघून जायचे.

एकदा एका गाड्यांच्या कंपनीनं नगरला मेकॅनिकांचा मेळावा घेतला. कंपनीच्या माणसानं काकांविषयी ऐकलं होतं. अनुभवी मिस्त्री म्हणून चार शब्द बोला, असं त्यानं आग्रहानं सांगितलं. काका इस्त्रीचा सदरा घालून, पिशवीत दोन कागद घेऊन गेले. मीही सोबत होतो. माईकसमोर उभं राहून त्यांनी कंपनीच्या फिल्टरच्या डिंकाची मनापासून तारीफ केली. मग दुसरा कागद काढून सांगितलं, की यंदाच्या मालात रबर मात्र या बाहेरच्या फिल्टरचं सरस आहे, कंपनीनं लक्ष घालावं. सभागृहात हशा झाला आणि कंपनीच्या माणसानं हसत हसत माईक काढून घेतला. काकांना त्यात काहीही वावगं वाटलं नाही. त्यांनी पोटभर जेवण केलं. परतीच्या एसटीत, तो माणूस लक्ष घालतो म्हणाला हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

देवळाली प्रवरेला त्यांची बहीण दिली होती. तिचे सासरे वारले तेव्हा काका भेटायला गेले आणि येताना पिशवीत तीन जुने फिल्टर घेऊन आले. उसाच्या भागातली धूळ वेगळी असते, असं ते म्हणत. तिकडच्या कागदावर चिखलासारखा थर बसतो, आणि आपल्याकडं पाथर्डीत रांगोळीसारखी कोरडी भुकटी. मग आपल्या गाड्यांना तिकडचा हिशेब कसा चालेल, हा त्यांचा प्रश्न. काकू मला म्हणाल्या, दुःखाच्या घरी जाऊन यांनी तिच्या दिराची गाडी उघडायला लावली, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. काका तिन्ही कागद दोरीला लावत होते.

माझ्या दुकानाला एखाद वर्ष झालं असेल, तेव्हा त्यांनी ठिपका सुरू केला. मी फिल्टरचा नवा लॉट आणला की त्यातला एक ते मागून घ्यायचे आणि कापायचे. माल पसंत पडला तर त्या लॉटच्या प्रत्येक खोक्यावर आणि आतल्या डब्याच्या बुडावर काडीनं हिरव्या ऑइलपेंटचा एक बारीक ठिपका द्यायचे. मला न मागता मिळालेली ती देणगी होती. गिऱ्हाइकं येऊन ठिपक्याचा फिल्टर द्या म्हणू लागली. मढीपासून मिरीपर्यंतचे पिकअपवाले माझ्याकडं वळले. लांबून आलेल्या माणसाला मी खोकं फिरवून ठिपका दाखवायचो आणि त्याचा चेहरा सैल पडायचा.

याच्यावर मी खूश असायला हवं होतं. वर्ष-दोन वर्षं होतोही. मग मला ते टोचायला लागलं. दुकान माझं, माल माझा, पाटीवर नाव माझं, आणि गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून शेजारच्या गाळ्यात बघणार. एक दिवस एक गिऱ्हाईक आलं, मी फिल्टर पुढं केला, तर त्यानं मिस्त्री कुठं आहेत विचारलं. जेवायला गेलेत म्हणालो. तर तो म्हणाला, मग ते आल्यावरच येतो. ठिपका असलेला फिल्टर माझ्या हातात होता. तरी तो गेला. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, की मी काय त्या म्हाताऱ्याचा नोकर आहे का. हे इथं लिहिताना लाज वाटते. पण पुढं जे झालं त्याचं मूळ पैशात कमी आणि या वाक्यात जास्त होतं, म्हणून लिहिलं पाहिजे.

त्याच उन्हाळ्यात एका नव्या विक्रेत्यानं मला दोन पेट्या फिल्टर दिले. खोकं हुबेहूब कंपनीच्या खोक्यासारखं. भाव बराच कमी. काकांनी त्यातला एक कापला. कागद पातळ होता, घड्या कुठं दाट, कुठं विरळ. कागद ज्या चकतीला चिकटवलेला असतो, ती चकती त्यांनी अंगठ्यानं ढकलली तर ती गोल फिरली. डिंक धरलेलाच नव्हता. काकांनी तो कागद दोरीलाही लावला नाही. समोर ठेवून म्हणाले, "हे परत धाड." मी हो म्हणालो. त्यांना माझा होकार पुरला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी विक्रेत्याला फोन लावला. त्यानं दोनदा उचलला, मग उचलणं बंद केलं. पेट्या माळ्यावर पडून राहिल्या.

पुढच्या आठवड्यात जामखेडला दिलेल्या मुलीचं बाळंतपण आलं, म्हणून काका-काकू दोघं तिकडं गेले. गाळ्याची किल्ली माझ्याकडं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचा गाळा उघडला. ऑइलपेंटचा छोटा डबा फळीवर होता, शेजारी काड्यापेटी. मी माळ्यावरची एक पेटी खाली काढली आणि काकांच्या खुर्चीत बसून बारा फिल्टरांवर ठिपके दिले. पहिले दोन जरा फिसकटले. तिसऱ्यापासून छान गोल येऊ लागले. ते छान येतायत याचं मला बरं वाटलं, हे मला अजून आठवतं. मी मनाशी म्हणत होतो, सगळीकडं असलाच माल चालतो, कुणाचं काय बिघडतंय, चार-सहा महिन्यांनी बदलणारच आहेत.

काका परत यायच्या आत सात गेले. ते आल्यावर मी उरलेले पाच उचलून माळ्यावर मागं टाकले.

सातातला एक माझ्या वर्गमित्रानं नेला होता. आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसलेलो. त्याची एक पिकअप होती आणि दुधाची लाईन होती. रोज सकाळी सहा गावांतून कॅन गोळा करून तो नगरला पोचवायचा. त्या लाईनवर त्याचं घर चालायचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं शिक्षणही. तो ठिपका बघूनच फिल्टर घ्यायचा. तेव्हाही त्यानं खोकं फिरवून बघितलं होतं, आणि मी त्याच्यासाठी चहा मागवला होता.

तीन आठवड्यांनी करंजीच्या घाटात त्याचं इंजिन धरलं. भर उन्हात, कॅन भरलेले. तेलाचा लाल दिवा लागला आणि तो गाडी बाजूला घेईपर्यंत खडखडून सगळं जाम झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत दूध नासलं. दुपारी तो गाडी ओढून पाथर्डीत घेऊन आला, आमच्या गाळ्यांसमोर उभी केली, खाली वाकून फिल्टर काढला आणि सरळ काकांच्या बेंचवर आणून आपटला. माझ्या दुकानात आला नाही. फिल्टर मी विकला होता, पण तो चांगला असल्याची हमी त्याला त्या ठिपक्यानं दिली होती.

दहा-बारा माणसं जमली. मी काउंटरमागून उठून दारात आलो. काकांनी फिल्टर व्हाइसमध्ये धरला, पाइपकटर लावला आणि नेहमीसारखा हळूहळू फिरवत डबा उघडला. आतली चकती सुटलेली होती. कागद एका बाजूला चुरगळून गोळा झालेला, त्याचे तुकडे पडलेले. ते तुकडे तेलाबरोबर इंजिनात गेले होते आणि तेलाची वाट त्यांनी बंद केली होती. हे समजायला मेकॅनिक असायची गरज नव्हती.

मग काकांनी डबा उलटा केला. बुडावर हिरवा ठिपका होता.

काका ठिपका नेहमी लॉट नंबरच्या शेवटच्या आकड्याशेजारी द्यायचे. मी तो बुडाच्या कडेला दिला होता. इतकी वर्षं मी त्यांच्या ठिपक्यावर धंदा केला, पण तो ते कुठं देतात हे मी नीट बघितलंच नव्हतं. काकांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ त्या ठिपक्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. मग म्हणाले, "ठिपका माझाच हाय. चुकलं माझं."

मित्र बोलत सुटला. आधी फिल्टरबद्दल बोलला, मग म्हातारपणाबद्दल, डोळ्यांबद्दल, लोकांच्या जिवाशी खेळण्याबद्दल. आणि शेवटी जे बोलला त्याचा फिल्टरशी संबंध नव्हता. ते काकांच्या जातीबद्दल होतं. ते शब्द मी इथं लिहिणार नाही. जमलेल्यांपैकी दोघं-तिघं खाली बघू लागले, एक जण हसला. काकूंनी मागच्या दारातून ते ऐकलं. मी दारात उभा होतो. माझ्या हातात एक फॅन बेल्ट होता, तो मी गुंडाळत राहिलो. एवढंच मला म्हणायचं होतं की तो ठिपका मी दिलाय. चार शब्द. मी बेल्ट खुंटीला लावला आणि आत गेलो.

काका मित्राला म्हणाले, की गाडी इथंच राहू दे, इंजिन मी बांधून देतो. ते सत्तरीला आले होते. हाताखाली कुणी नव्हतं. अकरा दिवसांत त्यांनी ते इंजिन उघडलं, प्रत्येक तेलाची वाट तारेनं आणि हवेनं साफ केली, कागदाचा कण न् कण काढला आणि पुन्हा बांधलं. लागेल तो पार्ट मी माझ्या दुकानातून नेऊन बेंचवर ठेवायचो. ते मागायचे नाहीत आणि नाकारायचेही नाहीत. गाडी पहिल्यापेक्षा गुळगुळीत चालायला लागली. पण तोवर दुधाची लाईन दुसऱ्याकडं गेली होती. ती मित्राला परत मिळाली नाही. तो पुढं वाळू-खडी, कांदा, मिळेल ते भाडं मारत राहिला. भावाचं शिक्षण मधेच सुटलं.

फिल्टर कापला त्याच दिवशी संध्याकाळी, गर्दी पांगल्यावर, मी काकांच्या गाळ्यात गेलो होतो. म्हणालो, काका, तो ठिपका.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "किती लावलेस?"

बारा, मी सांगितलं. सात गेले, पाच माळ्यावर आहेत.

ते हात पुसत राहिले. मग मी विचारलं, की तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत.

"आज शे-दीडशे गाड्या त्या ठिपक्यावर पळत्यात," ते म्हणाले. "ह्यो माझा न्हाई म्हणलो असतो, तर बाकीचे माझे कशावरनं? चांगले चाललेले फिल्टर लोकांनी काढून फेकले असते आन् घाईत कुठला बी बसवला असता." मग म्हणाले, "तुझ्यासाठी केलं न्हाई."

तोपर्यंत मी असं धरून चाललो होतो की त्यांनी मला वाचवलं. त्यांच्या पायाला हात लावायचं मनात ठरवूनच मी आत आलो होतो. ते वाक्य ऐकल्यावर मला तेही करता येईना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी घरी येऊन मला उठवलं. उरलेले सहा फिल्टर कुठं गेलेत ते सांग म्हणाले. माझ्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर चांगल्या फिल्टरांची पिशवी घेऊन, ते दोन दिवस माझ्याबरोबर गावोगाव फिरले. प्रत्येक दारात ते स्वतः गाडीखाली सरकायचे, खराब फिल्टर काढायचे, नवा बसवायचे, तेल बघायचे. आणि प्रत्येक दारात तेच सांगायचे, लॉट खराब निघाला, माझी नजर चुकली. मी शेजारी तेलाचा कॅन धरून उभा असायचो. प्रत्येक वेळी मला वाटायचं, या दारात सांगतो. सहा दारं झाली. शेवटच्या दारात गाडीचा मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू भला माणूस हायस गड्या. म्हाताऱ्याची चूक निस्तरायला एवढा फिरतोयस." मी कॅनचं झाकण घट्ट केलं. परत येताना काका मागं बसलेले आणि मला आरशात त्यांचा फक्त खांदा दिसत होता.

त्यानंतर त्यांनी ठिपका दिला नाही. कुणी विचारलं तर आता डोळ्यांना दिसत नाही म्हणायचे. गिऱ्हाइकांनीही हळूहळू विचारणं सोडलं. माझा धंदा थोडा बसला आणि पुन्हा उठला, लोक विसरले. काकांनी मला गाळा सोड म्हटलं नाही. येता-जाता बोलायचे, माझ्या मुलांना खाऊ द्यायचे, पाऊसपाणी विचारायचे. त्या दिवसाचा विषय त्यांनी नंतर कधीही काढला नाही, रागानं नाही की समजावण्यानं नाही. मलाच ते सोसेना. दोन वर्षांनी मी स्टँडजवळ स्वतःचा गाळा घेतला आणि तिकडं गेलो. सामान हलवताना माळ्यावरचे ते पाच आणि दुसऱ्या पेटीतले फिल्टर सापडले नाहीत. काकांनी कधी नेले, कळलं नाही.

मित्राशी माझी मैत्री तशीच राहिली. हे मला सगळ्यात जास्त खातं. तो दुकानात यायचा, चहा प्यायचा, आणि कधी जुना विषय निघाला तर म्हणायचा, तुझ्या घरमालकानं मला बुडवलं बघ. मी कप त्याच्या पुढं सरकवायचो. पहिल्या वर्षी मला वाटायचं, त्याचा राग शांत झाला की सांगू. मग वाटायला लागलं, आता सांगून काय उपयोग. काका रस्त्यात दिसले तर तो दुसऱ्या बाजूला व्हायचा. एकदा माझ्या दुकानासमोर ते दोघं समोरासमोर आले. काकांनी गाडी बरी आहे का विचारलं. मित्रानं उत्तर दिलं नाही. काका थोडं थांबले आणि पुढं गेले. मी काउंटरवर होतो. मला सगळं दिसत होतं.

गेल्या थंडीत काका गेले. फार आजार नाही, आठ दिवस अंथरुणावर होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरासमोर मांडव घालून होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलले. डेपोतले जुने सोबती होते, जामखेडचे व्याही होते. मेळाव्यातल्या माईकची गोष्ट कुणीतरी सांगितली आणि सगळे हसले. मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो. त्यांची शिस्त, त्यांची नजर, त्यांचा साधेपणा, असं चार-पाच मिनिटं बोललो. आवाज भरून आला. लोकांना वाटलं असेल, किती प्रेम. मी खाली बसलो.

बसल्यावर मला मागं मित्र दिसला. मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभा होता. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर रस्त्याच्या कडेला त्याला गाठलं. तो म्हणाला, चुकलं होतं म्हाताऱ्याचं, पण इंजिन असं बांधून दिलं की अजून हात लावावा लागला नाही, म्हणून आलो. आणि मग मी त्याला सांगितलं. सगळं, पेटीपासून. काकांच्या खुर्चीत बसून मी ठिपके दिले, त्यांनी ओळखलं, आणि तरी माझा आहे म्हणाले.

त्यानं मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कदाचित मी त्याचीच वाट बघत होतो. त्याला सांगून टाकलं की माझं ओझं उतरेल, अशी मनात कुठंतरी आशा होती. त्याची लाईन, त्याचा भाऊ, यातलं काहीच त्याच्या तोंडून निघालं नाही.

"मग मी त्यांना जे बोललो," तो म्हणाला, "ते आता कुणापाशी जाऊन माघारी घिऊ?"

मी आधीच तोंड उघडलं असतं तर त्याला जायला एक दार होतं. ते इतकी वर्षं उघडं होतं, याच रस्त्यावर.

तो पुन्हा मांडवाकडं वळला. खुर्च्या उचलून एकात एक लावायचं काम चाललं होतं. काकू जाजमावर एका बाजूला बसल्या होत्या. त्यानं चपला काढल्या, त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि मान खाली घालून काहीतरी बोलू लागला. मला ऐकू येत नव्हतं. काकू ऐकत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि रस्त्याकडं, माझ्याकडं बघितलं. मी तिथंच उभा राहिलो. आत गेलो नाही.